जिप्सी किंगचं हेड पॅकिंग घरच्या घरी बदलताना

ही माहिती 1298 सीसीच्या, आठ व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटर असलेल्या जुन्या मारुती जिप्सी किंगसाठी आहे. सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शन) इंजिनाला कामाची पद्धत बरीचशी हीच, पण टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि टायमिंगचे आकडे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

हेड पॅकिंग म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट. ते आपोआप क्वचितच उडतं. आधी इंजिन तापतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग पॅकिंगवरची पकड सुटते. तापण्याचं कारण तसंच ठेवून नवं पॅकिंग बसवलं, तर तेही फार टिकणार नाही. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातलेल्या गाडीत पहिला संशय रेडिएटरवर घ्या, कारण त्याच्या नळ्या क्षारांनी बुजतात. हेड खाली असेपर्यंत रेडिएटर साफ करून आणा, थर्मोस्टॅट नवा टाका, वॉटर पंपाचा शाफ्ट हलतो का आणि फॅन क्लच सैल पडलाय का तेही बघा.

उघडण्याआधी खात्री करा. गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने मोजा. चांगल्या इंजिनात ते दर चौरस सेंमीला 14 किलोच्या आसपास येतं. 12 च्या खाली किंवा दोन सिलिंडरमध्ये 1 किलोपेक्षा जास्त फरक असेल तर गडबड आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधलं पॅकिंग गेलेलं असण्याची शक्यता मोठी. ऑइल दुधाळ दिसणं आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं याही पक्क्या खुणा.

सामान: पूर्ण हेड पॅकिंग सेट (व्हॉल्व्ह स्टेम सील आणि मॅनिफोल्डची पॅकिंग्ज त्यात येतात का ते विचारा), टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, ऑइल, फिल्टर, कूलंट. हत्यारांत टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा), फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) आणि सरळ कडेची पोलादी पट्टी लागेलच. टॉर्क पान्याशिवाय हे काम हातात घेऊ नका.

एक्झॉस्ट पाइपच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा. गरम असताना बोल्ट सोडले की हेड वाकतं. बॅटरी सोडा, कूलंट आणि ऑइल काढा, पेट्रोलच्या नळ्यांना बूच लावा. व्हॅक्यूमच्या प्रत्येक नळीवर चिकटपट्टी लावून आकडा लिहा आणि फोटो काढा. एक नंबर सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सर्वात वर) आणून टायमिंगच्या खुणा जुळवा, डिस्ट्रिब्यूटरच्या रोटरची दिशा टिपून ठेवा, मगच बेल्ट काढा. मॅनिफोल्ड हेडवरच राहू द्या, फक्त खालचा पाइप सुटा करा.

हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सोडा. हेड चिकटून बसलं तर सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालू नका. रबरी हातोडीने बाजूला हलके ठोके द्या. काढलेलं हेड लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, नाहीतर उघडे व्हॉल्व्ह वाकतील.

सफाईत घाई झाली की सगळी मेहनत वाया जाते. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. ग्राइंडरची चकती ॲल्युमिनियममध्ये खळगे पाडते, म्हणून ती नकोच. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिलं, तर बोल्ट आवळताना त्याचा दाब बनून ब्लॉक तडकू शकतो. शिवाय बोल्ट टेकण्याआधीच टॉर्क पाना पूर्ण आकडा दाखवतो. म्हणून प्रत्येक भोक कापडाने आणि हवेने कोरडं करा. हेडकडे ऑइल नेणारा बारीक छिद्राचा प्लग तुंबलेला नाही ना, तेही बघा.

पट्टी हेडवर उभी, आडवी आणि तिरपी ठेवून सहा जागी फिलर गेज घाला. 0.05 मिमीचं पान कुठेही सरकलं तर हेड मशीन शॉपमध्ये फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) द्या. तिथेच प्रेशर टेस्ट करून तडा आहे का ते पाहून घ्या आणि स्टेम सील बदलून घ्या.

नवं पॅकिंग कोरडंच बसवा, सिलंट लावू नका. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर आणि क्रँक पुलीकडे आली पाहिजे. बोल्टच्या आट्यांना थेंबभर ऑइल लावा आणि मध्यापासून बाहेर गोलाकार क्रमाने आवळा: पहिली फेरी 35, दुसरी 55, शेवटची 68 न्यूटन-मीटर.

बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा, टेन्शनर आवळा आणि खुणा पुन्हा तपासा. एक दात जरी चुकला तरी गाडीला ओढ राहत नाही. टॅपेट थंड इंजिनावर इनटेकला 0.13 ते 0.17, एक्झॉस्टला 0.16 ते 0.20 मिमी ठेवा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. हीटर चालू आणि रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवा. वरची नळी गरम झाली की थर्मोस्टॅट उघडला; हवा निघून पातळी खाली जाईल तसं भरत राहा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर कूलंट पुन्हा बघा, आणि आधी ऑइल दुधाळ झालं असेल तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर परत बदला.