संध्याकाळचा फोर्ट वॉक: या चुका टाळा

मुंबईच्या फोर्ट भागात जुन्या इमारती दाखवत फिरवायचा माझा पहिला हेरिटेज वॉक डिसेंबरातला. वीस माणसं घेऊन सीएसएमटी स्टेशनपासून निघालो आणि सगळ्यात शेवटी ओव्हल मैदानावर पोचलो, तर पावणेसात वाजलेले. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा, म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याचा, आकार तेवढा दिसत होता. एका काकांनी विचारलं, "अहो, ते पुतळे कुठायत?" पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांची माणसं टॉवरवर कोरली आहेत, हे मी अर्ध्या वाटेत मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं!

सगळ्यात मोठी चूक हीच, क्रम उलटा लावण्याची. विद्यापीठ आणि हायकोर्ट ओव्हलच्या पूर्वेला आहेत, तोंड पश्चिमेकडे. मावळतीचं ऊन थेट दगडावर पडतं आणि नक्षी उठून दिसते. म्हणून सुरुवात ओव्हलवरून करा. मैदानाच्या दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारती त्या वेळी उन्हाच्या विरुद्ध काळ्या पडतात. त्यांच्यासाठी एखादी सकाळ राखून ठेवा. सीएसएमटी शेवटी ठेवली तरी बिघडत नाही, तिथे रोषणाई असते. (ती रंगीत रोषणाई मला आवडत नाही. दगडाचा मूळ रंगच मरतो.)

दुसरी चूक, वर्षभर एकच वेळ. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातनंतर. थंडीत साडेचारला निघा, नाहीतर माझ्यासारखे फसाल.

आता किश्शांबद्दल. राजाबाई या व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आई. त्यांना दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून टॉवरच्या ठोक्यांवरून त्या वेळ ओळखत, असं सांगतात. ही गोष्ट जरूर सांगा, पण 'सांगतात' म्हणूनच. ताजमहाल हॉटेलची गोष्ट मात्र सोडाच. इमारत उलटी बांधली गेली म्हणून आर्किटेक्टने जीव दिला, हे धादांत खोटं. मूळ काम रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं, वैद्यांच्या निधनानंतर ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं आणि 1903 मध्ये हॉटेल उघडलं. त्या भाकडकथेपायी एका मराठी माणसाचं नाव पुसलं जातं, याचा मला खरंच राग येतो.

'सगळं ब्रिटिशांनी बांधलं' हेही असंच अर्धवट. राजाबाई टॉवरला पैसा प्रेमचंदांचा होता. सीएसएमटीचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, पण तिथले दगडातले मोर आणि माकडं घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात होते.

बाकी किरकोळ. पंधरापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, मागच्यांना हॉर्नपलीकडे काही ऐकू येत नाही. डी. एन. रोडच्या कमानींखाली थांबाल तेव्हा खांबाच्या कडेला व्हा, फेरीवाल्याच्या मालासमोर नको. हायकोर्टाच्या फाटकावर कॅमेरा रोखू नका. आणि सहानंतर ऑफिसं सुटली की गर्दीला छेद देऊ नका. ओव्हलकडून सीएसएमटीकडे जाताना निम्मी गर्दी आपल्याच दिशेने निघालेली असते, तिच्याबरोबर चालत राहा.

शेवट सीएसएमटीला केला की लोकल समोरच मिळते. चर्चगेट गाठावं लागणाऱ्या पश्चिम रेल्वेवाल्यांची कुरकुर मात्र ऐकून घ्यावी लागते.