ब्लोअर फक्त चारवरच चालायचा

आंबेनळी घाटात धुकं, वर पाऊस, आणि गाडीची समोरची काच आतून पांढरीफटक. काचेवर हवा सोडायला नॉब फिरवला तर ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, एक, दोन, तीनवर ढिम्म. चारवर मात्र एकदम वादळ. त्या घोंगावण्याला कंटाळून शेवटी फडक्याने काच पुसत पुसत महाबळेश्वर गाठलं.

गॅरेजवाल्याने सरळ ब्लोअरची मोटारच बदलायला सांगितली. पण मोटार गेली असती तर चारवर फिरली कशी असती? चारवर वीज थेट मोटारीला मिळते, खालच्या वेगांना ती रेझिस्टरमधून, म्हणजे वीज अडवून वेग कमी करणाऱ्या भागातून जाते. मग दोष तिथेच. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, ग्लोव्ह बॉक्स उतरवला. दोन स्क्रू, एक कपलर (वायरी जोडणारा प्लग), आणि रेझिस्टर हातात. तार जळून तुटलेली, कपलरही जरा वितळलेला. दोन्ही नवे बसवले.

खरी मेख मात्र पुढे होती. हा रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवतात, वाऱ्याने थंड राहावा म्हणून. आणि आत येणारी हवा गाळणारा माझा केबिन फिल्टर धुळीने, वाळक्या पानांनी गच्च! मग त्याला वारा मिळणार कुठून? शेवटचा कधी बदलला होता, आठवतही नाही. फिल्टरही नवा टाकला.

आता पावसात एसी चालू, हवा बाहेरून घेणारी, ब्लोअर दोनवर. काच लख्ख.