मिडलवेटवर राज्य कोण करणार? वाद घालताना या चुका टाळा

बॉक्सिंगमधल्या मिडलवेट या वजनगटाचा विषय निघाला की एकजण म्हणतो हल्लीच्या बॉक्सरमधला जानिबेक, त्याच्यासमोर टिकणारे कोण, दुसरा म्हणतो त्याच काळातला अदामेस, तिसरा म्हणतो हे सगळे ठीकेत पण आधीचा चॅम्पियन गोलोव्किन ऐन भरात समोर असता तर यातला एकही शेवटपर्यंत उभा राहिला नसता, आणि तिथून पुढे बॉक्सिंग राहतं बाजूला आणि नुसता आवाज चढत जातो. मला हा वाद मनापासून आवडतो, कारण १६० पौंड म्हणजे साडेबहात्तर किलोच्या आसपासचं हे असं वजन आहे जिथे हातांना वेग पण असतो आणि एका ठोशात फाइट संपवायची ताकद पण असते, म्हणून अंदाज बांधायला इथे खरी मजा येते. पण बहुतेक वेळा गाडी एकाच ठिकाणी अडकते. आपण बॉक्सर निवडून मोकळे होतो, आणि तो कोणाशी, किती वजनाला आणि कुठल्या अटींवर लढणारे हे कोणी विचारतच नाही.

दोघं वेगवेगळं मोजताय

ही सगळ्यात कॉमन चूक. एकजण टायटल डिफेन्स (चॅम्पियनने टायटल किती वेळा राखलं ते) मोजत असतो आणि दुसरा बेल्ट (वेगवेगळ्या बॉक्सिंग संघटनांची टायटलं), मग अर्धा तास भांडून काही निघत नाही. कार्लोस मॉन्झोनने १९७० ते १९७७ मध्ये १४ वेळा टायटल राखलं, मार्विन हॅगलरने १२ वेळा, बर्नार्ड हॉपकिन्सने २० वेळा. आता हॉपकिन्सचे २० ऐकून वाटतं विषय संपला, पण त्यातली बरीच वर्षं त्याच्याकडे फक्त आयबीएफ या एका संघटनेचा बेल्ट होता आणि चारही मोठ्या संघटनांचे बेल्ट हातात आले ते २००४ मध्ये. गोलोव्किनने २० ची बरोबरी केली असं बरेच जण म्हणतात आणि बरेच जण मानत नाहीत, कारण त्याचे सुरुवातीचे डिफेन्स डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेच्या दुय्यम बेल्टचे होते. त्यामुळे सुरुवातीलाच सरळ विचारून घ्या की बाबा तू काय धरतोयस, किती वर्षं टिकला ते, किती बेल्ट ते, की त्या काळातले सगळ्यात चांगले लोक त्याने हरवले का ते. मी तिसरं धरतो, पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

'याने त्याला हरवलं, त्याने याला हरवलं' हे गणित

अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणजे अ क ला हरवणारच. हे लॉजिक मिडलवेटच्या वादात सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि सगळ्यात जास्त तोंडावर पाडतं. याच्यावर एकच उदाहरण पुरे आहे आणि ते मी दर वेळी देतो.

१९८४ च्या जूनमध्ये टॉमी हर्न्सने रोबर्तो दुरानला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवला. दुरानसारखा माणूस, जो लाइटवेटपासून (१३५ पौंड) वर आलेला आणि ज्याला असं कोणी संपवेल यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता, तो हर्न्सच्या उजव्या हातावर तोंडावर आपटला. मग १९८८ मध्ये हाच हर्न्स मिडलवेटच्या टायटलसाठी आयरन बार्कलीसमोर आला. पहिले दोन राउंड हर्न्सने बार्कलीला धुतला, डोळ्यांवर जखमा केल्या, रक्त यायला लागलं, फाइट थांबवतात की काय असं वाटत होतं, आणि तिसऱ्या राउंडमध्ये बार्कलीचा उजवा हात लागला आणि हर्न्स संपला. आता वरचं गणित लावा. दुरानला हर्न्सने उडवला, हर्न्सला बार्कलीने उडवला, म्हणजे दुरान बार्कलीसमोर उभाच राहू शकत नाही, बरोबर? १९८९ च्या फेब्रुवारीत ३७ वर्षांच्या दुरानने बार्कलीला ११ व्या राउंडमध्ये खाली पाडला आणि स्प्लिट डिसिजनने, म्हणजे तीनपैकी दोन जजच्या मतावर, टायटल घेतलं.

का झालं असं? हर्न्स उंच, लांब हातांचा, लांबून मारणारा, दुरानला आत घुसायलाच मिळालं नाही. बार्कली मात्र स्वतःच अंगावर येणारा, म्हणजे दुरानला जे जवळचं अंतर हवं असतं ते त्याला आयतं मिळालं, आणि त्या अंतरावर डोकं हलवून ठोसे चुकवण्यात दुरानचा हात धरणारा कोणी नव्हता. शिवाय हर्न्स-दुरान फाइट १५४ पौंडांवर होती, ही १६० वर. म्हणजे तिन्ही फाइटमध्ये अंतर वेगळं, एका फाइटचं वजनही वेगळं.

उपाय सोपा आहे, निकाल बाजूला ठेवा आणि दोन प्रश्न विचारा: फाइट लांबून होणारे की जवळून, आणि ते अंतर ठरवायची ताकद कोणाच्या पायात आहे? समोरच्याकडे याचं उत्तर नसेल तर त्याने त्या दोघांच्या फाइट नीट बघितलेल्या नाहीत, एवढं नक्की.

वजन म्हणजे फक्त आकडा समजणं

खालच्या वजनातला स्टार वर आला की लगेच 'याचा स्पीड बघा, मिडलवेटचे लोक याला हातच लावू शकणार नाहीत' सुरू होतं. २०१६ मध्ये हे दोनदा झालं. मे महिन्यात आमिर खान वेल्टरवेटवरून (१४७ पौंड) वर येऊन मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझसमोर उभा राहिला, सुरुवातीचे राउंड स्पीडवर खरंच छान खेळला, आणि सहाव्या राउंडमध्ये एका उजव्या हातावर थंड झाला. सप्टेंबरमध्ये केल ब्रुक, तोपर्यंत एकही फाइट न हरलेला, १४७ वरून थेट १६० ला गोलोव्किनकडे गेला, दुसऱ्या राउंडमध्ये त्याने चांगले ठोसे मारलेसुद्धा, पण त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं आणि पाचव्यात त्याच्या कॉर्नरमधल्या टीमने हार मानून टॉवेल टाकला. दोन्ही फाइटमध्ये स्पीड होता, ठोसे पण लागत होते, फक्त त्या ठोशांनी समोरचा मागे हटत नव्हता आणि समोरच्याचा एक लागला की हिशोब संपत होता.

पण म्हणून 'खालून येणारा हरतोच' असा नियम करून बसाल तर ती पण चूकच. २०१४ मध्ये मिगेल कोटो खालूनच आला होता आणि त्याने सर्जिओ मार्टिनेझला पहिल्याच राउंडमध्ये तीनदा पाडला. फरक हा की मार्टिनेझ स्वतः काही मोठा मिडलवेट नव्हता आणि त्याचा गुडघा कामातून गेलेला होता, त्याची सगळी स्टाइल पायांवर आणि पाय साथ देत नव्हते. म्हणजे वर येणाऱ्याचं वजन बघतो तसं समोरच्याच्या शरीराची हालत पण बघावी लागते.

आणि वजनातली अजून एक गोष्ट जी वादात कधीच येत नाही. वजन मोजतात आदल्या दिवशी. तराजूवर १६० भरलेला माणूस दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये खूपच जड होऊन येऊ शकतो. आयबीएफचा म्हणूनच वेगळा नियम आहे की फाइटच्या दिवशी सकाळी परत वजन द्यायचं आणि ते लिमिटपेक्षा १० पौंडांहून जास्त नसावं, म्हणजे मिडलवेटला १७०. २०१७ च्या मार्चमध्ये गोलोव्किनशी लढताना डॅनियल जेकब्स या सकाळच्या वजनाला गेलाच नाही, आयबीएफच्या बेल्टवर पाणी सोडलं, पण रात्री तो धिप्पाड होऊन उतरला. चौथ्या राउंडमध्ये पडला तरी उठला आणि १२ राउंड पूर्ण केले, गोलोव्किनची सलग २३ नॉकआउटची रांग तिथे तुटली, निकाल तिन्ही जजच्या गुणांवर गोलोव्किनच्या बाजूने लागला, ११५-११२, ११५-११२, ११४-११३. त्या रात्रीनंतर 'गोलोव्किन उतरणीला लागला' असं बोलणाऱ्यांनी ही सकाळ कधीच धरली नाही, आणि मला ते आजही पटत नाही.

शून्य हार बघून भुलणं

रेकॉर्डमधला शून्य फक्त एवढंच सांगतो की अजून हरला नाहीये. कोणाशी लढून हरला नाही हे तो सांगत नाही. २००१ च्या सप्टेंबरमध्ये फेलिक्स ट्रिनिडाड ४० पैकी ४० जिंकून आला होता, सगळा जोर त्याच्यावर होता, आणि समोर ३६ वर्षांचा हॉपकिन्स. हॉपकिन्सने त्याला राउंडमागून राउंड शिकवणी दिल्यासारखा खेळवला आणि १२ व्यात थांबवला. आणि हाच हॉपकिन्स १९९३ मध्ये रॉय जोन्सकडून हरला होता, १९९४ च्या डिसेंबरमध्ये इक्वेडोरच्या क्विटोमध्ये, इतक्या उंचावरच्या विरळ हवेत, सेगुंडो मर्काडोसमोर दोनदा पडून कसाबसा ड्रॉवर सुटला होता. त्या वेळी कोणी याला पुढची दहा वर्षं राज्य करणारा म्हटलं असतं तर लोकांनी ऐकून पण घेतलं नसतं. काही महिन्यांनी त्याच मर्काडोला हरवून तो चॅम्पियन झाला.

अलीकडचं घ्यायचं तर हमझा शिराझ. उंच, लांब हात, २१ पैकी २१ जिंकलेला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रियाधमध्ये कार्लोस अदामेससमोर जाताना पुढची पाच वर्षं याचीच असं लोकं छातीठोक बोलत होते. अदामेसने दबाव ठेवला, शिराझ मागे सरकत राहिला, फाइट ड्रॉ दिली गेली पण अदामेस जिंकला असं म्हणणारे भरपूर होते आणि मी त्यातलाच. हार नसलेल्या बॉक्सरचं नाव कोणी पुढे केलं की एवढं विचारा: सतत अंगावर येणारा कोणी याला भेटलाय का, बारा राउंड जावं लागलंय का, कधी पडून उठलाय का?

नॉकआउट क्लिप दाखवून जिंकायला बघणाऱ्यांना पण हेच प्रश्न. दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दिसत नाही, आणि मिडलवेटमध्ये वर्षानुवर्षं टिकलेल्यांकडे, मॉन्झोन घ्या, हॅगलर घ्या, गोलोव्किन घ्या, जॅब पहिला होता.

ऑलिम्पिक मेडल आणि वय

यावर थोडक्यात. मेडल म्हणजे पाया चांगला आहे, प्रो चॅम्पियन होईलच असं नाही. गोलोव्किनकडे २००४ चं सिल्व्हर, रयोटा मुराताकडे २०१२ चं गोल्ड, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये ४० वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गोलोव्किनने मुराताला त्याच्याच देशात नवव्या राउंडमध्ये थांबवला. यातच वयाचं पण उत्तर आलं. वय विचारण्यापेक्षा त्याची स्टाइल कशावर चालते ते विचारा. पायांवर जगणारा लवकर संपतो, जॅब आणि टायमिंगवाला जास्त टिकतो.

स्कोअरकार्ड न बघता निकाल मान्य करणं, किंवा सरळ 'चोरी' म्हणणं

दोन्ही टोकं चुकीची. २०१७ ची पहिली कॅनेलो-गोलोव्किन फाइट ड्रॉ झाली तेव्हा एका जजने ११५-११३ गोलोव्किनला दिली, एकाने ११४-११४, आणि तिसरीने ११८-११० कॅनेलोला. म्हणजे बारापैकी दहा राउंड कॅनेलोचे! हे मला आजही मान्य नाही. पण त्या एका कार्डावरून सगळी फाइटच एकतर्फी होती म्हणणं पण बरोबर नाही, शेवटचे राउंड कॅनेलोने खरंच चांगले काढले होते. अशी फाइट परत बघताना कॉमेंट्रीचा आवाज बंद करा, प्रत्येक राउंडनंतर थांबून १०-९ (राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९) कोणाला ते कागदावर लिहा आणि मगच बोला. पंच किती लागले याचे स्क्रीनवरचे आकडे बटणं दाबून माणसंच मोजतात आणि जज ते वापरत नाहीत, त्यामुळे त्यावर निकाल ठरवू नका.

त्याच्याही आधी अटी बघा. १९८७ च्या हॅगलर-शुगर रे लेनर्ड फाइटवर लोकं अजून भांडतात, पण ती फाइट बरीचशी टेबलावरच ठरली होती. लेनर्डच्या बाजूने मोठी रिंग मागितली, १५ ऐवजी १२ राउंड मागितले, १० औंसचे ग्लोव्ह्ज मागितले, आणि जास्त पैशाच्या बदल्यात हॅगलरने ते दिलं. पळायला जागा, दम कमी लागणार, ठोसा थोडा मऊ, सगळं लेनर्डच्या कामाचं. वर हॅगलरने सुरुवातीचे राउंड डावखुऱ्या स्टान्सऐवजी उजव्याने खेळून हातचे घालवले. निकाल स्प्लिट, जिंकला लेनर्ड. १५ राउंड असते तर काय झालं असतं यावर माझं मत पक्कं आहे, हॅगलर जिंकला असता.

वाद अडकलाच तर

समोरचा एकच नाव धरून बसला असेल तर त्याला त्या बॉक्सरसाठी सगळ्यात वाईट प्रतिस्पर्धी कोण ते सांगायला लावा. जानिबेक म्हणत असेल, तर तो डावखुरा आहे, ताकदीचा आहे, मग त्याला त्रास देणारा कोण, दुसरा अनुभवी डावखुरा लारा, की अदामेससारखा थांबायलाच तयार नसलेला? इथून खरं बोलणं सुरू होतं, कारण आता तुम्ही दोघं एकाच फाइटबद्दल बोलताय. मग विचारा की ती फाइट होणारे का, कारण प्रमोटर वेगळे असले की वर्षं निघून जातात, कॅनेलो-गोलोव्किन व्हायला गोलोव्किन ३५ वर्षांचा झाला होता.

आणि तो माणूस १६० वर राहणारे का ते पण बघून घ्या. कॅनेलो १६८ पौंडांच्या वजनगटात गेला आणि २०२१ पर्यंत तिथले चारही बेल्ट त्याने गोळा केले. शिराझ पण अदामेसनंतर वर सरकला आणि २०२५ च्या जुलैमध्ये १६८ ला त्याने एडगर बर्लांगाला पाचव्या राउंडमध्ये संपवला, तेव्हा मिडलवेटसाठी त्याचं नाव अजून घेत असाल तर ते आधी यादीतून काढा.