शहराखालच्या बंद भुयारात उतरताना

बंद भुयारात जीव जातो तो बहुधा खराब हवेने किंवा अचानक घुसलेल्या पाण्याने. ही दोन्ही संकटं आधी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून बरीचशी तयारी वर, उजेडातच उरकावी लागते.

आधी भुयाराचा मालक शोधा. वापर थांबला म्हणून ते बेवारस होत नाही. रेल्वे, पाणीपुरवठा खातं, पुरातत्त्व विभाग किंवा वरच्या इमारतीचा मालक, कोणीतरी असतंच. त्याची लेखी परवानगी घ्या आणि आतली वाट माहीत असलेला माणूस मागून घ्या. परवानगी नाही मिळाली तर बेत सोडा. पॅरिसच्या जुन्या दगडखाणींच्या भुयारांत विनापरवाना उतरायला १९५५ पासून बंदी आहे, पण त्यातला सुमारे दीड किलोमीटरचा भाग तिकीट काढून पाहता येतो. लंडनमध्ये एकेकाळी टपाल वाहणाऱ्या छोट्या भुयारी रेल्वेतून २०१७ पासून लोकांना फिरता येतं. सुरुवात अशाच ठिकाणी करा. बांधकाम कसं वाचायचं ते तिथे निवांत शिकता येतं.

नंतर नकाशा. जुना नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवा. त्यासाठी निदान सहा खुणा घ्या: जुनी प्रार्थनास्थळं, पुलांची टोकं, न हललेले चौक. नदीकाठ खूण म्हणून घेऊ नका, भराव घालून तो सरकलेला असतो. हवा-झडपा, मॅनहोल आणि दुसरी बाहेर पडायची वाट ठळक करून कागदावर छापून घ्या. आत जीपीएस चालत नाही आणि लोखंडाजवळ होकायंत्रही फसवतं.

आता हवा. चार वायू मोजणारा डिटेक्टर लागतोच: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. तो बाहेर मोकळ्या हवेत शून्यावर आणा, चाचणी-वायू देऊन अलार्म वाजतो का बघा. मग नळी आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळं मोजा, कारण मिथेन वर साचतो, कार्बन डायऑक्साइड खाली. दर पातळीवर एक-दोन मिनिटं थांबा, नळीतून हवा यायला आणि सेन्सरला आकडा धरायला वेळ लागतो. घाईत घेतलेलं माप बाहेरच्या हवेचंच असतं.

ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली, ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेत जेवढा वायू साचला की स्फोट होऊ शकतो, त्या प्रमाणाच्या) १० टक्क्यांवर, कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम दिसला, की मागे फिरा. मात्र १९.५ च्या वर म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. बाहेर २०.९ असलेला आकडा आत २०.४ झाला, तर दुसऱ्या वायूने हवेचा जवळजवळ अडीच टक्के भाग व्यापलेला असू शकतो, कारण ऑक्सिजन हा हवेचा पाचवा हिस्साच असतो. तो कार्बन डायऑक्साइड असेल तर हा डिटेक्टर त्याबद्दल काहीच सांगणार नाही. आकडा का उतरला हे कळेपर्यंत उतरू नका. मेणबत्तीचा जुना उपाय तर साफ सोडा: विषारी वायू तिला कळत नाही आणि मिथेन मात्र तिनेच पेटतो. नाकाचाही भरवसा नको, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास १०० पीपीएमच्या आसपास येईनासा होतो. धुळीचा मास्क वायू अडवत नाही. गाळात पाय पडला की अडकलेला वायू सुटतो, म्हणून डिटेक्टर छातीवर चालूच ठेवा.

पावसाळी पाण्याच्या वाहिनीत ढग दिसले तरी जायचं नाही. पाऊस तुमच्या डोक्यावर नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाच किलोमीटरवर पडला तरी लोंढा इथे येतो. भिंतीवर कचरा अडकलेली रेघ कुठवर आहे बघा, पाणी तिथवर चढतं.

किमान तिघे जा, चौथा तोंडाशी थांबेल. परतायची वेळ त्याला लिहून द्या. ती टळली की त्याने अग्निशमन दलाला फोन करायचा, स्वतः आत यायचं नाही. आत कोणी कोसळला तरी हाच नियम. वाचवायला धावलेला माणूस त्याच हवेत पडतो. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे हवेत, एक हेल्मेटवर. हनुवटीचा पट्टा आवळलेला ठेवा.

चालताना छत आणि जमीन दोन्ही बघा. खाली पडलेल्या विटेचा तुटलेला भाग स्वच्छ असेल, त्यावर धूळ बसलेली नसेल, तर छत अजून ढासळतंय. भिंतीला फुगवटा असेल किंवा टेकूचं लाकूड बोटाने दबत असेल तर तिथून परत फिरा. जुन्या केबल मृत आहेत असं कधीही धरू नका; बंद बोगद्यातून चालू वीजवाहिन्या सर्रास नेलेल्या असतात.

बाहेर आल्यावर साबणाने हातपाय धुवा आणि खरचटलेलं साफ करा. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुढच्या महिनाभरात ताप आला, तर भुयारात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.