ऑफिसचा मेल फोनवर आणि कॉम्प्युटरवर एकसारखा कसा ठेवावा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील बहुतेक लहान कारखाने गुरुवारी बंद असतात. ग्राहक मात्र चेन्नईत किंवा जर्मनीत बसलेला असतो आणि त्याच्या दृष्टीने गुरुवार हा कामाचाच वार असतो. चौकशीचा मेल येतो, मालक तो घरी बसून फोनवर वाचतो आणि उत्तरही देतो. शुक्रवारी सकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू केल्यावर मात्र तोच मेल न वाचलेला म्हणून दिसतो, दिलेले उत्तर कोठेही सापडत नाही, आणि एखादा तत्पर सहकारी त्याच ग्राहकाला वेगळ्या दराचे दुसरे कोटेशन पाठवून मोकळा होतो. सदाशिव पेठेतील सीएंच्या कार्यालयांत विवरणपत्रांच्या हंगामात हाच घोळ कागदपत्रांच्या बाबतीत होतो. तो मिटवण्यासाठी नवीन फोन किंवा महागडी सेवा लागतेच असे नाही. बहुधा एका खात्याचा प्रकार बदलणे पुरते.

फोन हा ऑफिसच्या कॉम्प्युटरशी जोडलेला असतो, असे अजूनही अनेकांना वाटते, आणि पूर्वी त्यात तथ्यही होते. १९९६ मध्ये आलेला पाम पायलट हा हातात मावणारा संगणक टेबलावरच्या खाचेत बसवून बटण दाबले की समोरच्या कॉम्प्युटरशी नोंदी जुळवत असे. १९९९ मध्ये आलेल्या ब्लॅकबेरीच्या सुरुवातीच्या एका व्यवस्थेत तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागे. तो आलेला मेल उचलून फोनकडे रवाना करी आणि कॉम्प्युटर बंद पडला की फोनवरचा मेलही थांबे. आज फोन आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. दोघेही स्वतंत्रपणे मेल सर्व्हरशी, म्हणजे मेल साठवून ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या संगणकाशी, बोलतात, आणि सर्व्हरवर जे असेल तेच दोघांनाही दिसते. म्हणून पहिला आणि खरा निर्णय असा, की मेलची मूळ प्रत सर्व्हरवरच राहील. ती कॉम्प्युटरवर उतरून सर्व्हरवरून पुसली जात असेल, तर फोनमध्ये कितीही सेटिंग्ज बदलल्या तरी उपयोग होत नाही.

खाते कोणत्या प्रकारचे आहे ते आधी पाहावे

जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये 'फाइल' मेनूतून 'अकाउंट सेटिंग्ज' उघडल्यास प्रत्येक खात्यासमोर त्याचा प्रकार लिहिलेला दिसतो. थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये तो 'सर्व्हर सेटिंग्ज' या पानावर असतो. तेथे 'एक्सचेंज' (मायक्रोसॉफ्टची कार्यालयीन मेलसेवा) असे असेल, किंवा मेल गूगल वर्कस्पेसवर असून तो जीमेलमध्येच वाचला जात असेल, तर मूळ प्रत आधीच सर्व्हरवर आहे आणि फक्त फोनचा भाग वाचला तरी चालेल. 'आयमॅप', म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत, असेल तरीही पाया ठीक आहे. 'पॉप' असेल, तर घोळाचे कारण सापडले असे समजावे. वेबसाइटच्या होस्टिंगसोबत (वेबसाइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेसोबत) मिळालेल्या मेलखात्यांमध्ये हा प्रकार अजूनही सर्रास आढळतो, कारण कोणीतरी वर्षांपूर्वी तो एकदा बसवून दिला आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही.

दारावरच्या पत्रपेटीतून पत्रे काढून घरात नेली की पेटी रिकामी होते, तसे पॉपचे आहे. आउटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये मेलची प्रत १४ दिवस सर्व्हरवर ठेवण्याची सोय मुळातच लावलेली असते. 'फोनवर दोन आठवड्यांपूर्वीचे काहीच दिसत नाही' या नेहमीच्या तक्रारीचे कारण अनेकदा तेथे असते. ही मुदत वाढवून प्रश्न सुटत नाही, कारण पॉपमध्ये मेल वाचला की नाही, तो कोणत्या फोल्डरमध्ये ठेवला, त्याला काय उत्तर दिले, यांपैकी कशाचीही नोंद सर्व्हरकडे जात नाही. फोनवरून दिलेले उत्तर फोनमध्ये आणि ऑफिसमधून दिलेले उत्तर ऑफिसमध्ये, अशी दोन वेगळी दप्तरे तयार होत राहतात.

पॉपवरून आयमॅपवर जाताना

या कामाला घाई करू नये आणि कार्यालय चालू असताना ते हाती घेऊ नये. सर्वप्रथम जुन्या मेलची प्रत काढावी: आउटलुकच्या 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट' मधून संपूर्ण खाते एका पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवण्याची फाइल) उतरवावे, ती फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून तीत मेल खरोखर आहेत हे पाहावे. न उघडलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो. त्यानंतर होस्टिंगच्या नियंत्रण पानावर जाऊन त्या मेलपेटीला किती जागा दिलेली आहे ते तपासावे. दहा वर्षांचा मेल आणि त्यातील ड्रॉइंग्ज मिळून वीस जीबी भरत असतील आणि पेटी पाच जीबीची असेल, तर सगळे वर चढवण्याचा अट्टाहास करू नये; चालू आणि मागील आर्थिक वर्षाचा मेल सर्व्हरवर न्यावा व बाकीचा पीएसटी फाइलमध्येच राहू द्यावा. पेटी काठोकाठ भरली की येणारे मेल परत जाऊ लागतात, आणि ते आपल्याला कळण्याआधी ग्राहकाला कळते.

आता सर्वांत दुर्लक्षित पायरी येते. नवीन खाते जोडण्यापूर्वी जुन्या पॉप खात्याने मेल ओढणे थांबवावे लागते, आणि ते केवळ ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नव्हे तर मालकाच्या घरच्या लॅपटॉपवर, कपाटात पडलेल्या जुन्या फोनवर आणि जीमेलमध्ये 'इतर खात्यांतून मेल आणा' अशी सोय कधीकाळी लावली असेल तर तेथेही. यांपैकी एकही जागा सुटली, तर आपण एका बाजूने सर्व्हरवर मेल चढवतो आणि दुसऱ्या बाजूने ते विसरलेले यंत्र तेच मेल नवीन समजून खाली ओढते व सर्व्हरवरून पुसून टाकते. मेल 'आपोआप गायब होतात' अशी तक्रार आली, की आधी अशा विसरलेल्या यंत्राचा शोध घ्यावा.

हे झाले की तोच पत्ता आणि तोच पासवर्ड वापरून, मात्र या वेळी आयमॅप हा प्रकार निवडून, नवीन खाते जोडावे. येणाऱ्या मेलसाठी एसएसएल सुरक्षेसह (मेल सांकेतिक करून नेण्याची व्यवस्था) पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, ९९३ वापरावा. जाणाऱ्या मेलसाठी एसएसएलसह ४६५ किंवा स्टार्टटीएलएस या तशाच दुसऱ्या सुरक्षेसह ५८७ वापरावा आणि 'बाहेर जाणाऱ्या सर्व्हरलाही लॉगिन लागते' या अर्थाची खूण करावी. पोर्ट २५ वापरू नये, कारण अनेक इंटरनेट सेवा तो बंद ठेवतात आणि मग मेल येतो पण जात नाही. सर्व्हरचे नाव होस्टिंगवाल्यांनी दिलेले असते तेच घालावे. या बदलात पत्ता किंवा डोमेनची मांडणी बदलत नाही, त्यामुळे काम चालू असतानाही बाहेरून येणारे मेल सर्व्हरवर येतच राहतात.

जुने मेल नव्या खात्यात नेताना 'मूव्ह' ऐवजी 'कॉपी' वापरावे आणि एका वेळी एकच फोल्डर उचलावे. इंटरनेट जोडणीचा अपलोडचा वेग कमी असेल तर या कामाला रात्र लागू शकते. मध्येच कॉम्प्युटर झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करून ठेवावी. प्रत्येक फोल्डर झाल्यावर ब्राउझरमधून वेबमेल उघडून तेथील संख्या पडताळावी. वेबमेलमध्ये दिसते ते सर्व्हरवर आहे, हीच या संपूर्ण कामातली खात्रीची कसोटी आहे.

फोनची बाजू

अँड्रॉइडवरील जीमेल अ‍ॅपमध्ये नवीन खाते जोडताना 'अदर' निवडावे आणि पुढे आयमॅप; आयफोनवर ते मेल अ‍ॅपच्या सेटिंग्जमधील खात्यांच्या यादीतून जोडता येते. एक्सचेंजचे खाते असेल तर पत्ता टाकून कंपनीच्या लॉगिन पानावरून आत गेले की मेलसोबत कॅलेंडर आणि संपर्कही येतात. आयमॅप मात्र केवळ मेल वाहते. संपर्क आणि भेटींच्या वेळाही हव्या असतील, तर होस्टिंगवर कार्डडॅव्ह आणि कॅलडॅव्ह या सोयी आहेत का ते विचारावे.

पासवर्ड बरोबर असूनही फोन तो पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. नुसत्या पासवर्डने इतर अ‍ॅपमधून आत जाण्याची वाट गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ मध्ये बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने व्यावसायिक खात्यांसाठी ती ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत आणली. अशा वेळी फोनमधील खाते काढून ते गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या लॉगिन पानावरून पुन्हा जोडावे. जीमेलच्या बाबतीत जुन्या प्रोग्रॅमसाठी, दुहेरी पडताळणी चालू करून मिळणारा सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड हा पर्याय उरतो.

मेल किती लवकर यावा, यावर लोक बराच वाद घालतात. सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून नवीन मेलची सूचना तत्काळ मिळवण्याची सोय आयमॅपमध्ये १९९७ पासून आहे, पण प्रत्येक अ‍ॅप ती वापरत नाही. जीमेल अ‍ॅपमध्ये जोडलेले इतर कंपन्यांचे आयमॅप खाते ठरावीक अंतरानेच, म्हणजे लवकरात लवकर दर १५ मिनिटांनी, तपासले जाते. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्येही अशा बहुतेक खात्यांची स्थिती तीच असते. तत्काळ सूचना हवीच असेल, तर अँड्रॉइडवर के-नाइन मेल किंवा २०२४ मध्ये आलेले थंडरबर्ड वापरून त्यात 'पुश' चालू करावे. लहान कारखान्याला पंधरा मिनिटांचा उशीर चालतो, असे मला वाटते. ज्याला खरोखर घाई असते तो मेल पाठवून लगेच फोन करतोच.

याहून वेगळा दोष असा, की अ‍ॅप उघडेपर्यंत मेल येतच नाही. अँड्रॉइड ६.० पासून पडून राहिलेल्या फोनमध्ये अ‍ॅपना झोपवले जाते आणि काही कंपन्यांचे फोन त्याहूनही कडक असतात. त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडावे आणि 'ऑटोस्टार्ट' अशी सोय फोनमध्ये असेल तर ती चालू करावी. फोनवर जुने मेल दिसत नसतील, तर सर्व्हर तपासण्याआधी 'किती दिवसांचे मेल सिंक करायचे' (सर्व्हरशी जुळवायचे) ही सेटिंग पाहावी. जीमेल अ‍ॅपमध्ये ती मुळात ३० दिवसांची असते.

कार्यालयात हमखास अडणाऱ्या गोष्टी

फोन पाठवलेले मेल 'सेंट' मध्ये, आउटलुक 'सेंट आयटम्स' मध्ये आणि आयफोन 'सेंट मेसेजेस' मध्ये ठेवू लागला, तर सिंक बरोबर असूनही उत्तरे सापडत नाहीत. कोणते एक फोल्डर सर्वांनी वापरायचे ते ठरवावे आणि आयफोनवर खात्याच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात, थंडरबर्डमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' या पानावर तेच निवडावे. मसुदे आणि कचरा यांचेही तसेच करावे.

'सेल्स' किंवा 'अकाउंट्स' अशा सामाईक पत्त्यावर अनेक जण काम करत असतील, तर कधी एका कॉम्प्युटरवर, कधी दुसऱ्यावर मेल अडकतो आणि त्याचे कारण चटकन लक्षात येत नाही. आयमॅपसाठी मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा डोव्हकॉट हा सर्व्हर मूळ मांडणीत एका खात्यासाठी एका इंटरनेट पत्त्यावरून एका वेळी १० जोडण्याच स्वीकारतो, आणि ऑफिसमधील सगळी यंत्रे एकाच राउटरमागे असल्याने सर्व्हरला ती एकाच पत्त्यावरची दिसतात. थंडरबर्ड एकटाच एका खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या उघडतो, म्हणजे दोन कॉम्प्युटरमध्येच मर्यादा संपते आणि ऑफिसच्या वायफायवर असलेला फोन बाहेर राहतो; तोच फोन मोबाइल डेटावर मात्र व्यवस्थित चालतो. थंडरबर्डच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' सर्व्हर सेटिंग्जमध्ये ही संख्या दोनवर आणावी, किंवा होस्टिंगवाल्यांना मर्यादा वाढवायला सांगावे.

आउटलुकमध्ये लावलेले नियम, उदाहरणार्थ एखाद्या ग्राहकाचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणे, आयमॅप खात्यावर फक्त तो कॉम्प्युटर चालू असतानाच चालतात. ते सुट्टीच्या दिवशीही चालायला हवे असतील, तर वेबमेलमधून सर्व्हरवरच लावावेत. याशिवाय आयमॅपमध्ये फोनवर पुसलेला मेल सगळीकडून जातो, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. पॉपच्या काळातली 'फोनवरचे उडवले तरी ऑफिसमध्ये आहेच' ही सवय येथे महागात पडते.

फोन हरवण्याची शक्यता गृहीत धरूनच तो जोडावा. त्याला स्क्रीन लॉक असल्याखेरीज कार्यालयीन खाते देऊ नये, आणि कर्मचाऱ्याचा स्वतःचा अँड्रॉइड फोन असेल तर शक्य असल्यास मेल 'वर्क प्रोफाइल' या फोनमधील कामासाठीच्या वेगळ्या भागात ठेवावा, म्हणजे नोकरी सोडताना केवळ तो भाग पुसता येतो. एक्सचेंजमध्ये दुरून फोन पुसण्याची सोय असते, परंतु फोनच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमध्ये खाते असल्यास ती संपूर्ण फोनही साफ करू शकते. खासगी छायाचित्रांसकट सगळे जाऊ शकते, याची लेखी कल्पना कर्मचाऱ्याला आधी द्यावी. साध्या आयमॅप खात्याला अशी सोय नसते, तेथे पासवर्ड त्याच दिवशी बदलणे हाच उपाय.

शेवटी ऑफिसचा कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चाचणी घ्यावी. बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून मेल पाठवावा, तो फोनवर वाचून उत्तर द्यावे, एक मसुदा अर्धवट ठेवावा आणि एक मेल फोल्डरमध्ये हलवावा. त्यानंतर कॉम्प्युटर सुरू केल्यावर या चारही गोष्टी जशाच्या तशा दिसल्या, तर काम झाले. एखादी चुकली तर ती वेबमेलमध्ये दिसते का ते पाहावे, म्हणजे दोष फोनचा की कॉम्प्युटरचा हे लगेच ठरते. जुने पॉप खाते आउटलुकमधून महिनाभर काढू नये. सर्वांना हवे ते जुने मेल सापडत आहेत अशी खात्री पटल्यावरच ते काढावे, आणि त्याची पीएसटी फाइल बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवावी.