चित्रपट झाला, चर्चा कुठे गेली? या चुका टाळा

पुणेकराला सिनेमा दाखवणं उपजतच येतं, असा पुणेकराचा समज आहे. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून इथे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून इथे, मग आपल्याला कोण काय शिकवणार? समाजमंदिर मिळवायचं, कुणाकडून तरी प्रोजेक्टर आणायचा आणि पोस्टरवर ‘चित्रपट व चर्चा’ छापून मोकळं व्हायचं. चित्रपट होतो. चर्चेच्या वेळी मात्र आयोजक, आयोजकांचे मित्र आणि खुर्च्या उचलायला थांबलेली पोरं उरतात. वर्षानुवर्षं तेच बघून कंटाळा आला, म्हणून हे लिहितेय.

संपल्या संपल्या वक्त्याला माईक

या चुकीला माफी नाही.

पर्वती पायथ्याजवळ एका संस्थेने ‘कोर्ट’ दाखवला होता. प्रेक्षकांत बरेचसे सफाई कामगार आणि त्यांच्या घरच्या बायका. त्या सिनेमात ड्रेनेजमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. नवरा उतरायच्या आधी आत दगड टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर हवा आहे असं समजायचा. ती हे सांगत असताना माझ्या पुढच्या रांगेतले एक काका मोठ्याने म्हणाले, “बरोबर बोलतीय ती.” दोघातिघांनी माना हलवल्या. चर्चा तिथेच सुरू झाली होती. आयोजकांनी फक्त तिच्या आड यायचं नव्हतं.

ते आड आले. सिनेमा संपताच ट्यूबलाइट लागल्या, शाल-श्रीफळ झालं आणि प्रमुख वक्ते इंग्रजांच्या काळातल्या कायद्यांवर पाऊण तास बोलले. चांगलं बोलले, अभ्यासू माणूस होता. पण काकांना पहाटे आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी, हजेरी द्यायची होती. ते उठले, त्यांच्यामागे त्यांची अख्खी रांग उठली. मग “कुणाला काही प्रश्न?” असं विचारलं गेलं, तेव्हा एका विद्यार्थ्याने हात वर केला आणि दिग्दर्शकाने शॉट एवढे लांब का ठेवले, असं विचारलं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ती बंदी कामाच्या जागेपर्यंत किती पोचली, हे सांगू शकणारी माणसं एव्हाना घरी पोचली होती.

माझ्याकडे वक्ता असलाच तर तो प्रेक्षकांत बसतो, शेवटी दहा मिनिटं बोलतो आणि तेही जे विचारलं गेलं तेवढ्यावरच. कुणाला हा अपमान वाटतो. वाटू दे, पुढच्या वेळी दुसरा माणूस शोधते. सत्कार आणि दीपप्रज्वलन माझ्या कार्यक्रमात नसतंच. माईकही मी कुणाच्या हातात देत नाही, समोर धरते. माणूस लांबला की हात आपोआप मागे येतो. आणि पहिल्या रांगेला पहिला प्रश्न कधीच नाही. ते लोक घरूनच भाषण घेऊन आलेले असतात.

“कसा वाटला सिनेमा?”

“छान होता.” झाली चर्चा. त्याऐवजी कुठला प्रसंग डोळ्यासमोरून हलत नाही ते विचारा आणि मग गप्प बसा. नव्या आयोजकांना अर्ध्या मिनिटाची शांतता सोसत नाही, लगेच स्वतःच बोलायला लागतात. जरा दम धरा की! लोक विचार करतायत.

हसणाऱ्यांना गप्प करणं

‘फँड्री’ शाळकरी मुलांना दाखवला की डुकरं पकडायच्या प्रसंगाला खसखस पिकते. सिनेमाचा शाळकरी नायक जब्या, त्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय, वर्गातली पोरं कुंपणापलीकडून मजा बघतायत आणि जब्या तोंड लपवायला जागा शोधतोय. एका शाळेत तिथे सर उठले आणि ओरडले, “हसायचं काय त्यात? गंभीर सिनेमा आहे हा!” हॉल चिडीचूप. शेवटी जब्याने थेट प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावलेला दगडही पोरांनी हाताची घडी घालून पाहिला, आणि चर्चेत एकजात सगळे “जातिभेद वाईट असतो” असं म्हणाले. तेवढं तर पाठ्यपुस्तकानेही करून घेतलं असतं.

अहो, पडद्यावरची पोरं हसतायत आणि हॉलमधलीही हसतायत, याहून चांगली सुरुवात तुम्हाला कोण देणार आहे? मी हसू देते. सिनेमा संपला की तो प्रसंग परत लावते आणि विचारते, आपण कुणाच्या बाजूने हसलो? आधी कुणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी सांगतं, की आमच्याकडेही एकाला असंच चिडवतात. पण त्या मुलाकडे बोट दाखवू द्यायचं नाही, त्याचं नाव घेऊ द्यायचं नाही. हे सांभाळता येत नसेल तर हा सिनेमा मुलांना दाखवूच नका.

वेळ

पाणी यायच्या वेळेला किंवा भाकऱ्या थापायच्या वेळेला कार्यक्रम ठेवायचा आणि वर “बायका येत नाहीत हो” म्हणायचं! वस्तीतल्या बायकांना विचारून वेळ ठरवा. उघड्यावर दाखवणार असाल तर रात्री दहाला स्पीकर बंद करावाच लागतो, म्हणून घड्याळ उलटं मोजा: दहातून चर्चेचा एक तास वजा, मग सिनेमाची लांबी वजा. बसत नसेल तर वीस मिनिटांचा लघुपट घ्या. अडीच तासांचा सिनेमा आणि दहा मिनिटांची चर्चा हा हिशोब कुणी शोधून काढला, देव जाणे.

आवाज

चित्र थोडं फिकं चालतं, संवाद ऐकू आला नाही की माणसं उठतात. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर हॉलसाठी नसतो. गणपती मंडळाच्या पोरांना सांगा, ते साउंड लावून देतील आणि सिनेमालाही थांबतील. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली कार्यक्रम ठेवूच नये.

“ओटीटीवर आहे ना, लावू की”

शॉर्टकटवाल्यांचं आवडतं वाक्य. घरचं सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं, चाळीस माणसांच्या हॉलला ते लागू होत नाही. शिवाय जुन्या प्रोजेक्टरला जोडलं की बऱ्याचदा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, कारण कॉपी होऊ नये म्हणून चित्राला कुलूप असतं. मग ऐनवेळी कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून चोरीची प्रत निघते आणि शोषणावरची चर्चा फुकटात लाटलेल्या सिनेमावर होते. शाळा-कॉलेजात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. वस्तीतल्या कार्यक्रमाला ती नाही. निर्मात्याला सरळ ईमेल करा. माहितीपटवाले तर बहुतेक वेळा आनंदाने परवानगी देतात, फक्त आदल्या दिवशी मागू नका.

किरकोळ, पण दर वेळी होणाऱ्या

इंग्रजी सबटायटल्सवर भागवू नका. मराठी मिळत नसतील तर मराठी किंवा हिंदी सिनेमा निवडा. सिनेमा स्वतः आधी पूर्ण बघा, ट्रेलर नव्हे. लॅपटॉपचं अपडेट आदल्या रात्री उरका. चहा बाहेर ठेवलात तर माणसंही बाहेर जातात आणि परत येत नाहीत; कप जागेवर आणून द्या. आणि तो ग्रुप फोटो सिनेमाच्या आधी काढून घ्या.