डिफर्ड टॅक्सची नोंद कशी करावी

डिफर्ड टॅक्स म्हणजे वहीतला आणि आयकरातला हिशोब यांच्या तात्पुरत्या फरकामुळे पुढे भरावा लागणारा किंवा पुढे वाचणारा कर. वर्षअखेरीला त्याची ओळ बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी भरली जाते. गेल्या वर्षीच्या एक्सेलमध्ये नवे आकडे टाकायचे आणि उत्तर उचलायचे. चुका तिथेच होतात. त्यापेक्षा कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा: एकात वहीतली किंमत, दुसऱ्यात आयकराच्या हिशोबातली किंमत.

एका खासगी कंपनीने एप्रिलमध्ये 15 लाखांचे यंत्र घेतले असे धरू. कंपनी कायद्याप्रमाणे आयुष्य 15 वर्षे आणि 5 टक्के अवशिष्ट मूल्य (आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत) धरले, तर सरळ रेषा पद्धतीने घसारा दरवर्षी 95,000. आयकरात दरवर्षी उरलेल्या किमतीवर 15 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी 2,25,000. वर्षअखेरीला वहीत किंमत 14,05,000, आयकरात 12,75,000. फरक 1,30,000. आज कर वाचला, पण सातव्या वर्षापासून आयकराचा घसारा वहीतल्यापेक्षा कमी होईल आणि वाचलेला कर हळूहळू भरावा लागेल. म्हणून हे दायित्व.

आता उलट बाजू. ग्रॅच्युइटीची 2,00,000 ची तरतूद केली, पण पैसे दिले नाहीत, मान्यताप्राप्त फंडातही भरले नाहीत. आयकरात ही वजावट यंदा मिळत नाही, पैसे देऊ तेव्हा मिळेल. म्हणून ही मालमत्ता. दंडाची रक्कम मात्र कधीच वजा होत नाही. तो फरक कायमचा आहे, त्यावर डिफर्ड टॅक्स नाही.

मग दर लावा. 22 टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असेल तर 10 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर धरून 25.168 टक्के. दायित्व 32,718, मालमत्ता 50,336, निव्वळ मालमत्ता 17,618. रोजकीर्दीत डिफर्ड टॅक्स मालमत्ता नावे, नफा-तोटा पत्रकातील डिफर्ड टॅक्स जमा.

इथे थांबू नका, ताळा करा. ही पायरी कधीही गाळू नये असे मला मनापासून वाटते. करपूर्व नफा 10,00,000 असेल तर करपात्र उत्पन्न असे: 10,00,000 अधिक 95,000, वजा 2,25,000, अधिक 2,00,000, म्हणजे 10,70,000. चालू कर 2,69,298. त्यातून 17,618 वजा केले की 2,51,680 उरतात, आणि 10 लाखांचे 25.168 टक्के नेमके तेवढेच. जुळले नाही तर एखादा कायमचा फरक राहिला आहे किंवा चूक आहे. वर 20,000 चा दंड असता तर ताळा 5,034 ने चुकला असता, आणि त्याचे कारण सांगता आले असते.

पुढच्या वर्षी पूर्ण रकमेची नोंद करू नका. यंत्रावरचा फरक 2,26,250 होईल, दायित्व 56,943. नोंद फक्त वाढीची, 24,225.

यंत्र विकले की बरेच जण अडखळतात. वहीतून ते पूर्ण निघते, आयकरात मात्र गटाच्या (एकाच दराने घसारा मिळणाऱ्या मालमत्तांच्या) किमतीतून फक्त विक्रीची रक्कम वजा होते. म्हणून यंत्रागणिक नव्हे, गटाची एकूण किंमत वहीतल्या एकूण किमतीशी ताडून पाहा. 180 दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्राला पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, तेही विसरू नका.

दर बदलला तर जुनी शिल्लकही नव्या दराने मोजायची असते. सप्टेंबर 2019 मध्ये 22 टक्क्यांचा पर्याय आला, तेव्हा तो निवडणाऱ्या ज्या कंपन्यांकडे मोठी डिफर्ड टॅक्स मालमत्ता होती, त्यांना ती घटवून खर्च दाखवावा लागला.

जुना तोटा पुढच्या नफ्यातून वजा होऊन कर वाचतो, म्हणून त्यावरही मालमत्ता दाखवता येते; पण ती सर्वांत जपून. लेखा मानक 22 नुसार मागील तोटा किंवा न वापरलेला घसारा असेल, तर पुढे नफा होईल याची जवळजवळ पूर्ण खात्री आणि तिला ठोस पुरावा लागतो. नुसता अंदाजपत्रकातला आकडा पुरत नाही, हातात पक्क्या ऑर्डरी हव्यात. इंड एएस 12 मध्ये (आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेले भारतीय मानक) नफ्याची शक्यता जास्त असणे पुरते, पण सलग तोटे होत असतील तर तिथेही पटणारा पुरावा मागितला जातो. व्यवसायाचा तोटा 8 वर्षेच पुढे नेता येतो, त्यामुळे नफ्याचा अंदाज त्या मुदतीत बसतो का ते वर्षागणिक लिहून ठेवा.